ब्लॅक अँड व्हाइट फोटो प्रिंट करायचेत? प्रिंटर घेण्याआधी त्यातल्या शाया मोजा

फोनवर फोटो काढला, मोनो किंवा नॉयर फिल्टर लावला, कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला की फोटो कसला भारी दिसतो! आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, धुक्यातला घाट, लोकलच्या दारातली गर्दी, रंग काढून टाकले की हे सगळं जास्तच उठून दिसतं. मग वाटतं, हा एक फोटो तरी कागदावर काढून भिंतीवर लावूया. घरच्या किंवा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या प्रिंटरवर प्रिंट काढतो आणि हातात येतो तो फोटो किंचित हिरवट असतो. नाहीतर जांभळट. सेटिंगमध्ये जाऊन ‘ग्रेस्केल’वर टिक केली तर रंगाची झाक जाते, पण आता आभाळावर कुणीतरी मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके दिसायला लागतात.

यात तुमच्या फोटोचा दोष नाही, फोनचाही नाही. प्रिंटर खराब आहे असंही नाही. गडबड आहे ती कागदावर राखाडी रंग कसा तयार होतो यात. ही एक गोष्ट नीट समजली की दुकानदार काहीही सांगू दे, कोणता प्रिंटर आपल्या कामाचा आणि कोणता नाही हे तुम्हाला स्वतःलाच ठरवता येईल.

राखाडी शाईच नाही, मग राखाडी रंग येतो कुठून?

मोबाईलच्या स्क्रीनवर एकेक पिक्सेल कमी-जास्त प्रकाशात पेटू शकतो. पूर्ण काळा, पूर्ण पांढरा आणि मधल्या शेकडो पायऱ्या, सगळं त्याला जमतं. इंकजेट प्रिंटरला हे जमत नाही. त्याच्या नॉझलमधून एकतर शाईचा थेंब पडतो किंवा पडत नाही. काही प्रिंटर लहान-मोठे थेंब टाकू शकतात, पण काळ्या शाईचा थेंब कितीही लहान असला तरी काळाच पडणार.

मग राखाडी रंग दाखवायचा कसा? ठिपके विरळ टाकून. वर्तमानपत्रातला फोटो फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा, लगेच कळेल. काळे ठिपके दाट असले की गडद राखाडी, विरळ असले की फिका राखाडी. लांबून बघताना आपले डोळे ते एकमेकांत मिसळून टाकतात.

गडद भागात हे छान चालतं. केस, सावल्या, काळी साडी इथे ठिपके इतके दाट असतात की वेगळे दिसतच नाहीत. खरी पंचाईत होते ती फिक्या भागात: गालावरचा उजेड, धुकं, ढग, पांढरा सदरा. तिथे शंभरात पाच-दहाच ठिपके टाकायचे असतात आणि पांढऱ्या कागदावर एकटा-दुकटा काळा ठिपका डोळ्यात भरतो. मिरपूड म्हणालो ती हीच.

हे टाळायला प्रिंटरचा ड्रायव्हर एक युक्ती करतो. फिक्या भागात काळी शाई न वापरता सायन, मजेंटा आणि यलो या तीन रंगीत शायांचे ठिपके एकत्र टाकतो. तिन्ही योग्य प्रमाणात मिसळले की राखाडी दिसतं. ठिपके जास्त, शिवाय काळ्यापेक्षा फिके, त्यामुळे फोटो गुळगुळीत येतो. पण तीन रंगांचा हा तोल फार नाजूक असतो. कागद बदलला, दुसऱ्या कंपनीची शाई भरली, एखादं नॉझल अर्धवट तुंबलं की तोल ढळलाच. रंगीत फोटोत एवढा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. साडीचा हिरवा जरा जास्त हिरवा झाला तर कोण बघतंय? ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मात्र लपायला दुसरा रंगच नसतो. जराशी झाकसुद्धा डोळा पकडतो.

आणखी एक गंमत आहे. तीन रंगांतून बनवलेलं राखाडी उजेडाप्रमाणे बदलतं. खिडकीजवळ अगदी बरोबर दिसणारं प्रिंट रात्री एलईडीखाली गुलाबीसर वाटू शकतं. याला मेटॅमेरिझम म्हणतात. म्हणजे दुकानात पास झालेला फोटो तुमच्या हॉलमध्ये नापास होऊ शकतो.

यावर उपाय अगदी साधा आहे: राखाडी शाई. म्हणजे मुळात काळीच, पण फिकी केलेली. तिचे ठिपके दाटीवाटीने टाकले तरी भाग फिकाच राहतो, म्हणून मिरपूड दिसत नाही. रंगीत शायांची गरजही फारशी पडत नाही, म्हणून झाक येत नाही. चांगल्या फोटो प्रिंटरमध्ये काळी, राखाडी आणि फिकी राखाडी अशी तीन पायऱ्यांची शाई असते. ब्लॅक अँड व्हाइटसाठी प्रिंटर बघताना पहिला प्रश्न हाच: काळ्या घराण्यातल्या शाया यात किती आहेत?

बॉक्सवरचे आकडे वाचताना

५७६० × १४४० डीपीआय असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. हा आकडा ठिपके किती बारीक अंतरावर टाकता येतात ते सांगतो. राखाडी किती छटांचं आणि किती शुद्ध येईल, ते यातून कळत नाही. आजकाल बहुतेक फोटो प्रिंटरचा डीपीआय गरजेपेक्षा जास्तच असतो, तेव्हा त्यावरून तुलना करत बसू नका.

दुसरा फसवा शब्द म्हणजे ‘सिक्स कलर’. सहा शाया म्हटल्यावर वाटतं, चला, एक तरी राखाडी असेलच. पण बहुतेक सहा शायांच्या प्रिंटरमध्ये नेहमीच्या चारांबरोबर फिका सायन आणि फिका मजेंटा असतो. रंगीत फोटोतली त्वचा, आकाश यांना याचा मोठा फायदा होतो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दाणेदारपणा कमी होतो, पण राखाडी अजूनही रंगांतूनच बनतंय, म्हणजे झाक येण्याची शक्यता कायम. म्हणून शायांची संख्या बघू नका, त्यांची नावं वाचा. ‘ग्रे’ किंवा ‘लाइट ग्रे’ लिहिलेलं दिसतंय का? एप्सनच्या जुन्या मॉडेल्समध्ये याच शाईला ‘लाइट ब्लॅक’ म्हणायचे.

मग बाजारात आहे काय?

आपल्याकडे सगळ्यात जास्त खपतात ते चार शायांचे टँक प्रिंटर. एप्सन, कॅनन, एचपी, ब्रदर, सगळ्यांचे आहेत. प्रोजेक्ट, हॉल तिकीट, रंगीत चार्ट यासाठी उत्तम. ब्लॅक अँड व्हाइट फोटोसाठी नाही, आणि हे स्पष्टच सांगितलेलं बरं. यातल्या अनेक मॉडेल्समध्ये एक छुपी अडचण असते. काळी शाई पिगमेंट आणि बाकीच्या तीन डाय. ही काळी शाई साध्या कागदावरच्या अक्षरांसाठी असते. ग्लॉसी फोटो पेपर निवडला की प्रिंटर सहसा तिला बाजूला ठेवतो आणि काळा रंगसुद्धा तीन रंगीत शायांतूनच बनवतो. मग फोटोतला काळा हा गडद चॉकलेटी नाहीतर निळसर काळा दिसतो, आणि आपण बाटलीत काळी शाई भरलेली असूनही असं का, म्हणून डोकं खाजवतो.

त्याच्या वर एप्सनचा एल८०५० आणि त्याचा ए३+ आकाराचा भाऊ एल१८०५०. गावोगावच्या ऑनलाइन सेंटरमध्ये हे किंवा यांच्या आधीचा एल८०५ तुम्ही पाहिला असेल, कारण ओळखपत्रांची पीव्हीसी कार्डं त्यावर छापता येतात. सहा डाय शाया, ७० मिलिलिटरच्या बाटल्या, प्रत्येक प्रिंटचा खर्च कमी. रंगीत फोटो सुंदर येतात. पण राखाडी शाई नाही. रंगीत फोटोच मुख्य आणि कधीतरी एखादा ब्लॅक अँड व्हाइट, असं असेल तर चालेल.

टँक प्रिंटरमध्ये राखाडी शाई हवी असेल तर कॅननचे पिक्स्मा जी५७० आणि जी६७० बघा. नेहमीच्या चार शाया, शिवाय लाल आणि राखाडी. ए४ पर्यंतच छापतात आणि राखाडी एकच आहे, पण कमी खर्चात ब्लॅक अँड व्हाइट करायचं असेल तर या किमतीत मला हाच सगळ्यात शहाणा पर्याय वाटतो. लोकांना तो फारसा माहीतच नाही, कारण दुकानात तो शोकेसमध्ये क्वचितच दिसतो.

यानंतरची पायरी एकदम उंच आहे. कॅननचा प्रो-२०० (आठ डाय शाया, त्यात राखाडी आणि फिकी राखाडी दोन्ही), कॅननचा प्रो-३०० (नऊ पिगमेंट शाया आणि वरून एक पारदर्शक थर), एप्सनचा शुअरकलर पी७०० (दहा पिगमेंट शाया, त्यात राखाडी आणि फिकी राखाडी). हे तिन्ही १३ इंच रुंद कागद घेतात. १७ इंचांसाठी एप्सनचा पी९०० किंवा कॅननचा प्रो-१०००. याच मालिकांमधली नवी मॉडेल्स येत असतात, त्यामुळे नंबर पाठ करण्यापेक्षा शायांची यादी बघायची सवय ठेवा. या प्रिंटरमध्ये ब्लॅक अँड व्हाइटसाठी वेगळा मोड असतो. एप्सनच्या मोडमध्ये न्यूट्रल, कूल, वॉर्म, सेपिया अशी निवड करता येते. मोड चालू केला की प्रिंटर मुख्यतः काळ्या-राखाडी शायाच वापरतो आणि रंगीत शाई चवीपुरती टाकतो.

चवीपुरती तरी का? तर शुद्ध काळी पिगमेंट शाई ही मुळात कार्बन, म्हणजे एक प्रकारची काजळीच. आपल्या जुन्या पोथ्या काजळीच्या शाईनेच लिहिलेल्या आहेत आणि अजून वाचता येतात, इतकी ती टिकाऊ. पण कागदावर ती फिकी पसरली की किंचित तपकिरी दिसते. तो तपकिरीपणा मारायला थोडा थंड रंग मिसळावा लागतो.

ज्यांना हेही चालत नाही असे वेडे लोक जगात आहेत. अमेरिकेतल्या जॉन कोन यांनी पिझोग्राफी नावाची पद्धत काढली. त्यात एप्सनच्या प्रिंटरमधल्या सगळ्या रंगीत शाया काढून टाकतात आणि प्रत्येक टाकीत काळ्याची वेगवेगळी छटा भरतात. त्या प्रिंटरवर मग रंगीत फोटो निघतच नाही. पहिलाच प्रिंटर घेणाऱ्याने हा उद्योग करू नये, पण काळ्याच्या पायऱ्या वाढवल्या की दर्जा वाढतो याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

डाय की पिगमेंट?

डाय शाई म्हणजे पाण्यात विरघळलेली साखर समजा, आणि पिगमेंट म्हणजे पाण्यात ढवळलेली हळद. डाय कागदाच्या थरात मुरते, पिगमेंटचे सूक्ष्म कण कागदाच्या वरच्या थरावर बसतात. डाय ग्लॉसी कागदावर चमकदार दिसते, पण उजेड आणि हवेतला ओझोन तिला लवकर फिकट करतात. त्यातही सगळ्या डाय एकाच वेगाने फिकट होत नाहीत. रंगांतून बनवलेल्या राखाडीत एक शाई आधी उडाली की आज न्यूट्रल दिसणारा फोटो चार वर्षांनी पिवळट किंवा हिरवट होतो.

याची एक जुनी गोष्ट आहे. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या बँडमधल्या ग्रॅहम नॅशला फोटोग्राफीचं वेड होतं. त्याला स्वतःचे जुने ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट मोठ्या आकारात छापायचे होते. त्यासाठी त्याने १,२६,००० डॉलरचा आयरिस कंपनीचा इंकजेट प्रिंटर वापरला. हे मशीन खरं तर छापखान्यात छपाईआधीचा नमुना काढण्यासाठी बनवलेलं. १९९१ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स हा प्रिंट स्टुडिओ सुरू केला आणि इंकजेटला कलादालनाचं दार उघडलं. प्रिंट अप्रतिम होते, पण सुरुवातीच्या शाया लवकर उडायच्या. नमुन्याचं आयुष्य असून असून किती? छापखान्याला त्याची फिकीर नव्हती, कलाकाराला होती. पुढे टिकाऊ शाया आल्या. तो आयरिस प्रिंटर आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

तेव्हा आजोबांचा जुना फोटो फोनने स्कॅन करून, साफ करून, पुढच्या पिढीसाठी प्रिंट करायचा असेल तर पिगमेंटच घ्या. वर्षभर भिंतीवर लावून मग बदलायचा असेल तर डाय चालेल, मात्र काचेमागे लावा. मुंबई-कोकणातल्या पावसाळी दमट हवेत उघडा डाय प्रिंट ठेवणं तसंही बरं नाही, पाण्याचा एक थेंब पुरतो.

पिगमेंटचा एक तोटा सांगायला हवा. ग्लॉसी कागदावर तिरकं बघितलं तर शाईचा भाग आणि कोरा कागद यांची चमक वेगळी दिसते, कधी काळ्यावर तांब्यासारखी झाक येते. प्रो-३०० मधला पारदर्शक थर यासाठीच आहे.

कागद स्वस्तातला घेतलात तर

सगळं मुसळ केरात. चांगल्या मॅट कागदावर सगळ्यात गडद काळा भागसुद्धा पडलेल्या उजेडाच्या साधारण दोन टक्के परत फेकतो. बरायटा किंवा चांगल्या ग्लॉसी कागदावर हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं. म्हणून मॅटवर फोटो मऊ, चित्रासारखा दिसतो आणि बरायटावर जुन्या डार्करूममधल्या प्रिंटसारखा खोल. बरायटा म्हणजे बेरियम सल्फेटचा थर दिलेला कागद, डार्करूमच्या काळापासून चालत आलेला. दोन्ही चांगले, तुमच्या फोटोला काय शोभतं ते बघा. धुकं, म्हातारे हात, जुने वाडे मॅटवर छान दिसतात. रात्रीचा रस्ता मॅटवर मरतो.

मॅट आणि ग्लॉसीसाठी काळी शाई वेगवेगळी लागते: मॅट ब्लॅक आणि फोटो ब्लॅक. मोठ्या प्रिंटरमध्ये दोन्ही असतात. जुना, सेकंडहँड एप्सन घेत असाल तर मुद्दाम विचारा, कारण पी६०० आणि पी८०० मध्ये दोन्ही काळ्यांना नॉझल एकच आहे आणि दर वेळी बदलताना शाई वाया जाते. पी७०० आणि पी९०० मध्ये ही कटकट नाही.

अतिशय पांढराशुभ्र कागद दिसला की भुलू नका. त्यात बहुतेक वेळा कपड्यांच्या निळीसारखं काम करणारं रसायन असतं. त्यामुळे कागद नवीन असताना निळसर पांढरा चमकतो आणि काही वर्षांनी पिवळा पडतो.

फोनवरून प्रिंट देताना

१२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १३ × १० इंचांचं प्रिंट आरामात निघतं, म्हणजे ए४ ची चिंता नको. पण तोच फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ए४ वर मग इंचाला जेमतेम १३७ पिक्सेल उरतात. मित्राच्या प्रिंटरवर काढायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एडिट करताना स्क्रीनचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणा. फुल ब्राइटनेसवर ठीक वाटणारा फोटो कागदावर हमखास काळपट येतो, कारण कागद स्वतः उजेड देत नाही. आणि प्रिंट देताना कागदाचा प्रकार अचूक निवडा. कोणती शाई किती टाकायची हे प्रिंटर त्यावरूनच ठरवतो. मोबाईलच्या प्रिंट मेनूत ही निवड अनेकदा अपुरी असते, ब्लॅक अँड व्हाइटचा खास मोडही तिथे बहुतेक दिसत नाही. महत्त्वाचा प्रिंट कॉम्प्युटरवरूनच द्या.

घ्यायचाच का?

चार शायांचे टँक प्रिंटर दहा-पंधरा हजारांत मिळतात, मोठे फोटो प्रिंटर लाखाच्या आगेमागे जातात. शिवाय शाई. प्रो-३०० चं एक काट्रिज १४.४ मिलिलिटरचं, पी७०० चं २५ मिलिलिटरचं, आणि अशी प्रत्येकात दहा. त्यातली बरीच शाई हेड साफ करण्यातच जाते. महिनोन्महिने बंद ठेवलेला इंकजेट कोरड्या उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, तुंबणार हे गृहीत धरा. आठवड्यातून एकदा तरी एक रंगीत पान काढायला हवं. आणि प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा. भिंतीवरचा स्विच थेट बंद केला तर हेड झाकण्याच्या जागी पोचलेलं नसेल तर उघडंच राहतं आणि सुकतं.

वर्षाला दहा-पंधरा फोटोच काढणार असाल तर प्रिंटर घेऊ नका. पुण्या-मुंबईत फाइन आर्ट प्रिंट काढून देणारे स्टुडिओ आहेत, कुरिअरने प्रिंट पाठवतात. त्यांना इतकंच विचारा: मशीन कोणतं आणि त्यात ग्रे शाई आहे का? कारण हल्ली फोटो स्टुडिओतलं ‘लॅब मशीन’ही बऱ्याचदा इंकजेटच असतं. उदाहरणार्थ, फुजीच्या डीएक्स१०० मध्ये सहा शाया आहेत, पण त्यात राखाडी नाही.

प्रिंटर विकत घ्या किंवा स्टुडिओत जा, आधी एक चाचणी करा. कोणत्याही एडिटिंग अॅपमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१ चौकोनांची पट्टी बनवा, शेजारी स्वतःचा एक चेहऱ्याचा फोटो ठेवा आणि ती फाइल घेऊन दुकानात जा. ‘डेमो प्रिंट द्या’ म्हणायला लाजू नका, एवढे पैसे मोजताय. प्रिंट दहा मिनिटं वाळू द्या. मग दाराशी दिवसाच्या उजेडात बघा, दुकानातल्या एलईडीखाली बघा आणि घरी आणून ज्या भिंतीवर फोटो लावायचा तिथे रात्री बघा. तिन्ही ठिकाणी चौकोन राखाडीच दिसले, फिक्या चौकोनांत मिरपूड नसली आणि सगळ्यात गडद दोन-तीन चौकोन एकमेकांपासून वेगळे ओळखता आले, तर घ्या. दुकानदार म्हणाला, ‘डेमोला रंगीत फुलांचा फोटो आहे ना, तोच बघा’, तर दुसऱ्या दुकानात जा.